वाचक विचारतात : आवाज न करता मान बसवतात म्हणे!

प्रश्न : ताई, माझं वय ६१. दांडिया बाजारात राहते, घरीच साड्यांना फॉल-पिको करून देते. उजव्या बाजूला मानेच्या अगदी वरून कळ निघते आणि डोळ्याच्या वर येऊन ठसठसते. मान वळवली की जास्त. शिवाय पहाटे उजव्या कुशीवर वळले की खोली गरगरते, अर्ध्या मिनिटात थांबते. एक्स-रेमध्ये ‘मणक्यात गॅप’ निघाली म्हणून पट्टा दिलाय. बी.पी.ची गोळी चालू आहे. मे महिन्यात मुलाकडे न्यू जर्सीला जायचंय. सून म्हणते, तिथं मानेच्या फक्त वरच्या मणक्यावर काम करणारे कायरोप्रॅक्टर (हातानं मणके बसवणारे) आहेत, हात अगदी हलका, कडकड नाही. डोकेदुखी, चक्कर, बी.पी. तिन्ही बरं होतं. ह्यांनी मात्र मोबाइलवर मान मोडायचे व्हिडिओ बघून धसका घेतलाय. जाऊ का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : सूनबाई सांगतायत तो प्रकार व्हिडिओतला नव्हे, हे आधी यजमानांना सांगा. म्हणजे निदान घरात शांतता होईल.

कायरोप्रॅक्टिक सुरू झालं अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी, १८९५ साली. डी. डी. पामर हे त्याचे जनक. त्यांचे चिरंजीव बी. जे. पामर १९३० च्या दशकात अशा मताला आले की सगळा पाठीचा कणा चाचपत बसायची गरज नाही, सगळ्यात वरचा मणका जागेवर आला की बाकीचं आपोआप सुधारतं. त्या विचारातून पुढं चार-पाच पद्धती निघाल्या. त्यातल्या एकीची, ‘नुक्का’ची, संघटना १९६६ ची आहे. तिथं मानेचे वेगवेगळ्या बाजूंनी एक्स-रे काढून कोन मोजतात, मग तुम्हाला कुशीवर निजवून कानाच्या खाली हातानं हलका दाब देतात. दुसऱ्या एका पद्धतीत हाताऐवजी छोट्या यंत्राचा टिचकीएवढा ठोका असतो. मान पिरगाळणं दोन्हीत नाही.

वरच्या मणक्यांचं एवढं माहात्म्य का? मानेत सात मणके. पहिला नुसतं कडं आहे, त्यावर डोकं टेकलेलं. दुसऱ्यातून एक दात वर येतो आणि जात्याचा वरचा दगड खिळीभोवती फिरावा तसा पहिला मणका त्या दाताभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळजवळ अर्धा भाग इथंच होतो. वरच्या तीन मणक्यांजवळच्या नसा मेंदूच्या बुडाशी ज्या ठिकाणी पोचतात, तिथंच कपाळाच्या आणि डोळ्याभोवतीच्या नसाही येतात. म्हणून दुखतं मानेत आणि कळ डोळ्यावर. तुमचं वर्णन याला चपखल बसतं. दिवसभर साडीच्या काठावर मान घालून बसणाऱ्या बायकांमध्ये मी हे पुष्कळ पाहिलंय.

तेव्हा दुखण्यासाठी हलक्या हातानं मान हाताळून घ्यायला माझी ना नाही. झटका देऊन मान फिरवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण मान अमुक मिलिमीटर सरकलीय आणि तेच सगळ्या रोगांचं मूळ, हे मला पटत नाही. पहिला मणका दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसणं हे चांगल्या धडधाकट माणसांतही आढळतं. तिथं उताणं निजवून दोन्ही पायांची लांबीही ताडून बघतील. कमरेचा एखादा स्नायू आखडला तरी पाय आखूड दिसतो, त्यामुळे त्यावरून मानेचं निदान करणं माझ्या गळी उतरत नाही. ‘मणक्यात गॅप’चंही तेच. साठीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत काही ना काही दिसतंच, माझ्याही दिसतं. पट्टा काढून ठेवा. त्यानं स्नायू आणखी आळशी होतात.

आता चक्कर. ती मानेची नसावी असा माझा दाट संशय आहे. एका ठरावीक कुशीवर वळलं की गरगरणं आणि मिनिटाच्या आत थांबणं, हे कानाचं लक्षण. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून भलत्या नळीत शिरतात. आपल्याकडे चक्कर म्हटली की स्पाँडिलायटिस हे समीकरण इतकं घट्ट बसलंय की कानाकडे कुणी बघतच नाही, आणि बाई दोन-दोन वर्षं पट्टा घालून हिंडते. सयाजी रुग्णालयात किंवा कुठल्याही कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. ते पलंगावर झटकन निजवून डोळ्यांची थरथर बघतील. कण सरकलेले असतील तर डोकं ठरावीक क्रमानं फिरवून ते परत जागी आणता येतात, बहुतेकांना एक-दोन खेपांत बरं वाटतं. हे विमानात बसायच्या आधी करा.

बी.पी.ची गोळी? मुळीच बंद करायची नाही. वरचा मणका बसवून बी.पी. उतरतं का, याचा २००७ चा अभ्यास सूनबाईंनी कुठं तरी वाचला असेल. त्यात ५० जण होते. अर्ध्यांना खरा उपचार, अर्ध्यांना नुसतं नाटक, आणि आठ आठवड्यांनी खरा उपचार घेतलेल्यांचं वरचं बी.पी. सरासरी १७ नं उतरलेलं. ऐकायला छान आहे. पण पन्नास माणसांच्या आणि दोन महिन्यांच्या भरवशावर मी कुणाची गोळी सोडवणार नाही.

डोकेदुखीचं म्हणाल तर २००२ साली ऑस्ट्रेलियात मानेतून येणाऱ्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर प्रयोग झाला. हातानं केलेला उपचार आणि मानेच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम, दोन्हींनी फरक पडला आणि तो वर्षभर टिकला. व्यायाम बडोद्यातच शिकता येतो, फिजिओथेरपिस्टकडे. हनुवटी सरळ मागे ओढायची (खाली नव्हे), पाच-दहा सेकंद धरायची, सोडायची. फॉल लावताना साडी मांडीवर न घेता उंच टेबलावर घ्या, अर्ध्या तासानं उठा.

एवढं करून न्यू जर्सीला गेलात आणि हौस असेल तर खुशाल दाखवा. आधी फी विचारा, व्हिजिटर इन्शुरन्समध्ये हे बहुधा बसत नाही. सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. संधिवात, हाडं ठिसूळ असणं किंवा रक्त पातळ करायची गोळी यांपैकी काही असेल तर टेबलावर निजायच्या आधी सांगा. र्‍हुमॅटॉइड संधिवातामध्ये वरच्या दोन मणक्यांमधला बंधच सैल झालेला असू शकतो, तिथं हलका हातही नको.

प्रश्न : मांडवीजवळ माझा नेहमीचा न्हावी आहे. चंपी झाली की मान दोन्हीकडे कडाकड मोडतो. मोकळं वाटतं. बायको ओरडते. वय २९.

उत्तर : बायकोचं ऐका. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा झाल्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नाही. मोकळं वाटतं हे खरं, पण तासाभरानं मान पुन्हा तशीच, होय ना? मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात आणि पहिल्या मणक्यावर वळसा घेऊन कवटीत शिरतात. पिळून झटका दिला की क्वचित त्यांचं आतलं अस्तर फाटतं, गुठळी होते आणि तिशीच्या आत पक्षाघात येतो. फार क्वचित होतं, पण चंपीच्या पैशात ही जोखीम कशाला? खुर्चीत बसतानाच सांगा, ‘चंपी भले करो, गरदन नहीं’. आणि मान मोडल्यावर, मग ते दोन-तीन दिवसांनी का असेना, मानेत कधी नव्हे अशी कळ आली, एकाचे दोन दिसले, जीभ जड झाली किंवा चालताना झोक जायला लागला तर बाम चोळत बसू नका, १०८ लावा.