उंबऱ्याचं आधी ठरवा, काचेचं नंतर

प्रश्न : नेरुळला आमचं रो-हाउस आहे. हॉल आणि मागचं अंगण यांच्यामध्ये घडीची काचेची दारं बसवायची आहेत. आई व्हीलचेअर वापरते, म्हणून उंबरा नको, फरशी सलग हवी. पाणी आत येईल का?

नुसती फरशी एका पातळीत आणली तर नक्की येईल. आपल्याकडचा पाऊस सरळ कुठे पडतो? वारा नैर्ऋत्येकडून सुटला की झड थेट दारावर येते. घडीच्या दाराला सांधे जास्त, त्यामुळे रबरी गॅस्केट कितीही चांगलं असलं तरी थोडं पाणी खालच्या ट्रॅकमध्ये उतरणारच. त्याला बाहेर पडायला वाट ठेवणं हेच खरं काम.

ट्रॅक फरशीत बुडवून बसवा आणि त्याला लागूनच बाहेर, दाराच्या पूर्ण लांबीची जाळी झाकलेली पन्हळ करून घ्या. जाळीच्या फटी अरुंद आणि चाकाच्या दिशेला आडव्या असू द्या, म्हणजे आईंची खुर्ची अडकणार नाही. अंगणाच्या फरशीला दारापासून दूर जाणारा, मीटरमागे एक सेंटिमीटर तरी उतार हवा. वॉटरप्रूफिंग ट्रॅकच्या खालून पन्हळीपर्यंत सलग गेलं पाहिजे. वर रुंद छज्जा असेल तर झडीचा मारा बराच कमी होतो.

एका घरी मी सुंदर पन्हळ पाहिली होती, पण तिला बाहेर जाणारा पाइपच जोडलेला नव्हता. पहिल्या मोठ्या पावसात हॉलमधल्या सोफ्याचे पाय पाण्यात. म्हणून दारं यायच्या आधी उंबऱ्यापाशी चार बादल्या पाणी ओता आणि ते कुठे जातं, खाली बसून बघा. एक ओघळ जरी आत वळला तर फरशी तेव्हाच काढून पुन्हा बसवून घ्या. नंतर सिलिकॉन भरून हे निस्तरत नाही.

प्रश्न : बेलापूरच्या बंगल्यात पाच पल्ल्यांचं घडीचं दार बसवतोय. वरचा जुना लिंटल, म्हणजे दारावरचा आडवा बीम, पुरेल, असं कंत्राटदार म्हणतो. पुरेल का?

अंदाजावर राहू नका. एक चौरस मीटर काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो. तुमचा पल्ला ९० सेंटिमीटर रुंद, २.४ मीटर उंच आणि काच १० मिलिमीटरची धरली, तर एकाच पल्ल्यात ५४ किलो काच. पाच पल्ल्यांची २७० किलो, ॲल्युमिनियमची फ्रेम वेगळी. वरून टांगलेल्या दारात हा सगळा भार बीमवर येतो, आणि दार पूर्ण उघडलं की तो एका टोकाला गोळा होतो. बीम काही मिलिमीटर वाकला तरी पल्ले घासू लागतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बीम तपासून घ्या. तो कमी पडत असेल तर खालच्या रोलरवर चालणारं दार घ्या. मात्र त्याचा ट्रॅक माती-पाचोळ्याने भरतो, तो पावसाळ्यात दर आठवड्याला झाडावा लागेल.

माप फरशी आणि प्लास्टर पूर्ण झाल्यावरच द्या. टफन केलेली, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच नंतर कापता येत नाही.

प्रश्न : घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. हॉल आणि बाल्कनीमध्ये घडीचंच दार करावं का? समोर येऊरचा डोंगर आहे.

माझं मत, स्लायडिंग करा. पावसाळ्याचे चार महिने दार बहुतेक बंदच राहणार आणि डोंगर सर्वांत हिरवा तेव्हाच असतो. घडीचं दार बंद केलं की दर दोन-तीन फुटांवर उभी फ्रेम नजरेत येते. स्लायडिंगमध्ये काच मोठी मिळते. शिवाय उंचावरच्या वाऱ्यात अर्धवट उघडे पल्ले आपटतात. भिंतीला हात लावायचा असेल तर सोसायटी आणि महापालिकेची परवानगी आधी. आणि बाल्कनीचा कठडा कुठल्याही परिस्थितीत काढू नका.

प्रश्न : येऊरच्या पायथ्याशी घर आहे. नव्या काचेवर पक्षी आपटतात. पडदे लावले तरी थांबत नाहीत.

पडदा आतून असतो, पक्ष्याला बाहेरून काचेत झाडंच दिसतात. काचेच्या बाहेरच्या बाजूला ठिपक्यांची फिल्म लावा, दोन ठिपक्यांत पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. ससाण्याचं एखादं चित्र चिकटवून भागत नाही. पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो आणि उरलेल्या काचेवर आदळतो. पाण्याचं भांडं काचेपासून दोन-तीन फुटांच्या आत ठेवा, म्हणजे तिथून उडालेल्या पक्ष्याला वेग येण्याआधीच काच लागेल.