‘नॉर्मल’ आकडा वाढत का चाललाय?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. ही ऑपरेशनं मी रोज करतो, त्यामुळे पत्रं वाचताना बरेच चेहरे डोळ्यांसमोर आले. धास्ती सगळ्यांना एकच आहे: आजार परत आला, तर रक्तातून कळेल का? पत्रं लांब होती, मुद्द्याचा भाग तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं (वय ५८) आतड्याचं ऑपरेशन झालं, तिसरी स्टेज होती. ऑपरेशनआधी रक्तातला सीईए १८ होता. किमो संपल्यापासून दर तीन महिन्यांनी करतोय: १.९, २.६, ३.८ आणि आता ४.७. लॅबच्या कागदावर ५ पर्यंत नॉर्मल लिहिलंय. आमचे डॉक्टर म्हणतात, काळजी नको. पण मी सगळे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलेत. ते ओळीने बघितले की पोटात गोळा येतो. माझं चुकतंय का?
(एक गृहिणी, सातारा)

उत्तर : ताई, तुमचं चुकत नाहीये. पुढच्या भेटीला ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून सोबत न्या.

सीईए हे एक प्रथिन. आईच्या पोटातल्या बाळाचं आतडं ते तयार करतं, जन्मानंतर ते जवळजवळ थांबतं आणि आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी ते पुन्हा तयार करू लागतात. १९६५ मध्ये माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी ते शोधलं. साठ वर्षं होऊन गेली, तरी ऑपरेशननंतरच्या फॉलो-अपमध्ये आजही हीच तपासणी सर्वांत जास्त वापरली जाते.

५ ही रेघ सगळ्या लोकांसाठी मिळून आखलेली आहे. तुमच्या मिस्टरांची स्वतःची रेघ १.९ आहे, आणि तिथून पुढचे तिन्ही आकडे वरच चढलेत. एखादा आकडा वर जाऊन पुन्हा खाली आला असता, तर मी फार मनावर घेतलं नसतं. ओळीने चढणारा आकडा मात्र ५ च्या आत असला तरी मी सोडून देत नाही. त्यातून त्यांची मूळ गाठ सीईए सोडणारी होती हे १८ वरून कळतंच. म्हणजे त्यांच्या बाबतीत हा आकडा बोलका आहे.

तरीही याचा अर्थ आजार परत आलाच, असा लगेच काढू नका. आधी काही गोष्टी तपासा. बिडी-सिगारेट चालू आहे का? धूम्रपानाने सीईए वाढतो. यकृत बरं आहे का? सीईएचा निचरा यकृतच करतं, त्यामुळे कावीळ झाली किंवा यकृताला सूज आली तर आकडा चढतो. घरगुती काढ्यांबद्दल मी मुद्दाम विचारतो. ‘प्रतिकारशक्तीसाठी’ रोज गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं आहे. किमो चालू असतानाही आकडा तात्पुरता वर जातो, पण तुमची ती वेळ टळून गेली आहे.

यातलं काही नसेल, तर त्याच लॅबमध्ये तीन-चार आठवड्यांत पुन्हा रक्त द्या. आकडा आणखी वर गेला, तर ‘१० होईपर्यंत बघू’ असं कुणी म्हटलं तरी छाती, पोट आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन मागा. आतड्याचं रक्त आधी यकृतातून जातं, म्हणून हा आजार परत येताना बहुतेकदा यकृतात किंवा फुप्फुसात दिसतो. तिथे एखाद-दुसरा लहान ठिपका असतानाच सापडला, तर ऑपरेशन करून काढता येतो. सीटीत काही दिसलं नाही आणि आकडा चढतच राहिला, तर पेट-सीटी (जास्त साखर ओढणाऱ्या पेशी दाखवणारा स्कॅन).

तुमच्या डॉक्टरांनी धीर दिला तो बहुधा कागदावरचा शेवटचा आकडा पाहून. बऱ्याचदा आमच्यासमोर तेवढा एकच कागद येतो. चारही आकडे एकाखाली एक दिसले की डॉक्टरही वेगळं बोलतील.

प्रश्न : सीईएसाठी उपाशी राहावं लागतं का? घरी येऊन रक्त नेणारी लॅब स्वस्त पडते, दर वेळी जिथे सवलत असेल तिथे केलं तर चालेल का?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : उपाशी राहायची गरज नाही. लॅब मात्र बदलू नका. यंत्र बदललं की तेच रक्त वेगळा आकडा दाखवतं आणि मग चढ खरा की यंत्राचा, हे कुणालाच सांगता येत नाही. आणखी एक: किमोनंतर केस यावेत म्हणून बरेच जण बायोटिनच्या गोळ्या घेतात. मोठ्या डोसचं बायोटिन काही यंत्रांना फसवतं आणि सीईए खोटाच कमी दाखवू शकतं. रक्त देण्याआधी तीन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

प्रश्न : मी मेलबर्नला असतो, आई (वय ६४) अमरावतीला. पाच आठवड्यांपूर्वी तिचं आतड्याचं ऑपरेशन झालं. दुसरी स्टेज, गाठींमध्ये (लिम्फ नोडमध्ये) आजार नाही. किमो द्यायची की नाही यावर तिथल्या दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत. इथे मित्र म्हणाला, सीटीडीएनए करून घे, सरळ उत्तर मिळेल. खर्चाची तयारी आहे. करावी का?
(एक वाचक)

उत्तर : तुमच्या मित्राने हे मेलबर्नमध्ये ऐकलं यात नवल नाही. या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास ऑस्ट्रेलियातलाच आहे.

आधी तपासणी काय आहे ते सांगतो. पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात. गाठीच्या पेशींचेही सांडतात (तेच सीटीडीएनए), आणि गाठीतले बदल त्या तुकड्यांवर छापलेले असतात. ऑपरेशननंतर असे तुकडे सापडले, तर शरीरात कुठेतरी त्या पेशी जिवंत आहेत. हे तुकडे रक्तात जेमतेम काही तास टिकतात, त्यामुळे ते जुन्या गाठीचे उरलेसुरले असण्याचा प्रश्न येत नाही. तरी चार आठवडे थांबतात, कारण ऑपरेशनच्या जखमेतून निरोगी पेशींच्या डीएनएचा लोंढा येतो आणि त्यात हे मोजके तुकडे बुडून जातात.

तपासणीच्या एका प्रकारात थेट रक्तातच ठरावीक बदल शोधतात. दुसऱ्यात आधी तुमच्या आईच्या गाठीतले बदल वाचतात आणि मग रक्तात नेमके तेच शोधतात. त्यासाठी पॅथॉलॉजीतला ब्लॉक लागतो. काडेपेटीहून लहान असा मेणाचा ठोकळा, त्यात गाठीचा तुकडा बसवलेला. तो रुग्णाच्या नावावर जपून ठेवलेला असतो आणि अर्ज केला की मिळतो. एका कुटुंबाला तो मिळवायला तीन आठवडे हेलपाटे घालावे लागले आणि तोवर किमोचा निर्णय घेण्याची वेळ निघून गेली, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून अर्ज आजच करायला सांगा.

आता अभ्यास. त्याचं नाव ‘डायनॅमिक’, निकाल २०२२ मध्ये आला. दुसऱ्या स्टेजचे ४५५ रुग्ण होते. एका गटात ऑपरेशननंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रक्त तपासलं, आणि तुकडे सापडले तरच किमो दिली. दुसऱ्या गटात डॉक्टरांनी नेहमीसारखं ठरवलं. पहिल्या गटात किमो १५ टक्क्यांना लागली, दुसऱ्यात २८ टक्क्यांना. दोन वर्षांनी आजार न परतलेले पहिल्यात ९३.५ टक्के आणि दुसऱ्यात ९२.४ टक्के. थोडक्यात, एरवी किमो घ्यावी लागली असती अशांपैकी जवळजवळ निम्म्यांची ती वाचली आणि त्यात कुणाचं नुकसान झालं नाही.

पण या तपासणीवर हजारो रुपये घालण्याआधी आईच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये दोन ओळी शोधा. पहिली, एमएमआर, म्हणजे पेशीची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का. त्याच ब्लॉकवर होणारी ही साधी आणि त्या मानाने स्वस्त तपासणी आहे. त्यात दोष निघाला आणि गाठ टी-३ च (आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडे गेलेली, पण बाहेरचं आवरण न भेदलेली) असेल, तर दुसऱ्या स्टेजमध्ये सहसा किमो देत नाहीत, म्हणजे प्रश्नच मिटला. दुसरी, किती लिम्फ नोड तपासले. ते १२ पेक्षा कमी असतील, तर ‘गाठींमध्ये आजार नाही’ या वाक्यावर मी पुरता विसंबणार नाही. गाठ टी-४ (बाहेरचं आवरण भेदलेली किंवा शेजारच्या अवयवात शिरलेली) असेल, आतडं तुंबलं किंवा फुटलं असेल, तर धोका जास्त धरतात.

हे सगळं पाहूनही डॉक्टरांची दोन मतं राहिली, तर तपासणी करण्याजोगी आहे. ब्लॉकवरून तपासणी बेतायलाच काही आठवडे जातात आणि किमो शक्यतो आठ आठवड्यांच्या आत सुरू करतात. पाच आठवडे झालेत म्हणता. म्हणून लॅबला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका, रिपोर्ट कोणत्या तारखेला मिळेल ते विचारा. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी सीईए आणि सीटी चालू ठेवा. पोटाच्या आतल्या पडद्यावर किंवा फुप्फुसात परतलेला आजार रक्तात फार कमी तुकडे सोडतो, तो यात निसटू शकतो.

प्रश्न : माझं वय ४६. तिसरी स्टेज, किमो पूर्ण झाली. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यातून सीटीडीएनए केली, ती पॉझिटिव्ह आली. सीटी आणि पेट दोन्ही स्वच्छ. डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी परत स्कॅन करू. आजार आहे हे माहीत असून नुसतं बसून राहायचं?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. हा रिपोर्ट हलका घेण्यासारखा नाही. २०१९ साली डेन्मार्कमधून आलेल्या एका अभ्यासात हे तुकडे सीटीच्या सरासरी ८.७ महिने आधी दिसले होते. म्हणजे रक्त पॉझिटिव्ह आणि स्कॅन स्वच्छ, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. अगदी बारीक ठिपके पेट-स्कॅनलाही दिसत नाहीत.

मग औषध का सुरू करत नाहीत? हा विचार सगळ्यांच्याच मनात आला आणि जपानमधल्या ‘अल्टेअर’ अभ्यासात तो करूनही पाहिला. रक्त पॉझिटिव्ह, स्कॅन स्वच्छ, अशा २४३ जणांमधल्या निम्म्यांना ट्रायफ्लुरिडीन-टिपिरॅसिलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. औषध घेणाऱ्यांत आजार दिसायला थोडा उशीर झाला, पण औषधाचा उपयोग झाला असं म्हणण्याइतका तो फरक पक्का ठरला नाही. तुमचे डॉक्टर थांबताहेत ते यामुळे. त्यात हयगय नाही.

पण नुसतं बसूही नका. चार आठवड्यांनी तीच तपासणी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा, सोबत सीईए. पुन्हा पॉझिटिव्ह आली, तर यकृताचा कॉन्ट्रास्ट एमआरआय करता येईल का, हे विचारा. यकृतातले लहान ठिपके त्यात सीटीपेक्षा चांगले दिसतात. स्कॅनमधलं अंतर दोन-तीन महिन्यांवर आणा. ट्यूमर बोर्ड (वेगवेगळ्या विषयांच्या कॅन्सर डॉक्टरांची एकत्र बैठक) भरतो अशा मोठ्या केंद्रात फाइल एकदा दाखवून घ्या आणि तुमच्यासाठी एखादी ट्रायल चालू आहे का, हेही विचारा. एखादा ठिपका दिसलाच, तर तो काढता येईल का हे यकृताचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाच ठरवू द्या. ‘पसरलाय, आता काही नाही’ हे वाक्य दुसऱ्या कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. यकृतातल्या गाठी पूर्ण काढलेले बरेच रुग्ण पुढे वर्षानुवर्षं जगतात.

प्रश्न : सीईए सलग दीड वर्ष २ च्या आत आहे. दुर्बिणीची तपासणी टाळली तर चालेल? ते जुलाबाचं औषध नको वाटतं.
(एक वाचक, जळगाव)

उत्तर : टाळू नका. पोलिप (आतड्याच्या अस्तरावरचा कोंब) किंवा आतड्यातच नव्याने सुरू होणारी गाठ सीईए दाखवत नाही. ही दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, ऑपरेशननंतर एक वर्षाने, मग तीन वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी करतात. तुमची पहिलीच राहिलेली दिसते. जुलाबाचं औषध आता दोन भागांत घेता येतं, अर्धं आदल्या रात्री आणि अर्धं पहाटे. त्याने त्रास बराच कमी होतो.

प्रश्न : वय ६८. ऑपरेशनला दोन वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट यायच्या आधी आठवडाभर झोप लागत नाही, जेवण जात नाही. परत यायचा तो येईलच, आधी कळून मिळतं काय? तपासण्या बंद कराव्यात असं वाटतं.
(एक निवृत्त शिक्षक, चिपळूण)

उत्तर : सर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनाही तो पडला होता. इंग्लंडमध्ये १,२०२ रुग्णांवर झालेल्या ‘फॅक्स’ अभ्यासाचा निकाल २०१४ मध्ये आला. किमान तपासण्या केलेल्या गटात १०० पैकी साधारण २ जणांचा परतलेला आजार पूर्ण काढण्यासाठी ऑपरेशन करता आलं. सीईए किंवा सीटी नियमित केलेल्या गटांत हे प्रमाण ७ ते ८ होतं. मात्र एकूण मृत्यूंमध्ये स्पष्ट फरक दिसला नाही. त्यामुळे ‘तपासलं नाहीत तर संपलं’ असा धाक मी तुम्हाला घालणार नाही.

तरी मी बंद करा म्हणणार नाही, त्या पाच-सहा जणांमुळे. माझी एक रुग्ण कपडे शिवते. तिचा सीईए २ वरून ९ वर गेला आणि यकृतात सुपारीएवढी एकच गाठ सापडली. ती काढून आता सहावं वर्ष चालू आहे. तिला काहीही त्रास होत नव्हता. रक्त दिलं नसतं तर कळायला वावच नव्हता.

तुमची झोप मात्र वाचवता येईल. भेटीच्या आदल्या दिवशी रक्त द्या, महिनाभर आधी नको. लॅबला मोबाइलवर पाठवू नका म्हणून सांगा. रात्री दहाला आलेली पीडीएफ एकट्याने उघडण्यापेक्षा कागद डॉक्टरांसमोर उघडा. आणि रोज जोरात चाला. नुसता वेळ जावा म्हणून हे सांगत नाही. ‘चॅलेंज’ अभ्यासात आतड्याच्या कॅन्सरची किमो झालेल्या ८८९ जणांपैकी निम्म्यांना तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करायला लावला. २०२५ मध्ये निकाल आला: पाच वर्षांनी आजाराविना असलेले व्यायाम करणाऱ्यांत ८०.३ टक्के, नुसती माहितीपत्रकं दिलेल्यांत ७३.९ टक्के.

आजार परत येतो तो बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत. त्यातली दोन तुमची झाली. तिसरं संपलं की रक्ताची तपासणी सहा महिन्यांवर नेता येते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून ती तारीख आत्ताच ठरवून घ्या.