प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : डेस्कटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह बदलताना

प्रश्न (सातारा) : आमचा असेंबल केलेला डेस्कटॉप बराच जुना आहे. डीव्हीडी ड्राइव्ह अचानक विंडोजमध्ये दिसेनासा झाला. दुकानदार म्हणतात, नवा घ्या. तो खरेच गेला आहे हे घरी कसे ओळखावे? आणि गेला असेल तर आपला आपण बदलता येतो का?

उत्तर : बदलता येतो, पण आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा. दिसेनासा झालेला ड्राइव्ह पुष्कळदा चांगला असतो. बिघाड केबलमध्ये किंवा विंडोजमध्ये निघतो.

पुढचे बटण दाबा. ट्रे बाहेर आला तर ड्राइव्हला वीज मिळते आहे. ट्रे उघडायला फक्त पॉवर केबल लागते, डेटा केबल नसली तरी तो उघडतो. दिवा लागत नाही आणि ट्रेही हलत नाही, तर पॉवरची जोडणी सैल झाली असेल किंवा एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) त्या वायरीला वीज येत नसेल. एसएमपीएसची दुसरी मोकळी साटा (डिस्क आणि ड्राइव्ह जोडण्याची नेहमीची पद्धत) पॉवर वायर लावून पाहिली की याचा निकाल लागतो.

ट्रे उघडत असेल तर संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि साटा पोर्टच्या यादीत ड्राइव्हचे नाव आहे का ते पाहा. नाव नसेल तर डेटा केबल बदला, मग मदरबोर्डवरचे (आतल्या मुख्य बोर्डावरचे) दुसरे पोर्ट वापरून पाहा. ड्राइव्हच्या किमतीपुढे केबलची किंमत काहीच नाही, म्हणून सुरुवात तिथून. अलीकडे एम.२ प्रकारची एसएसडी (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान डिस्क) बसवली असेल तर मदरबोर्डचे माहितीपुस्तक उघडा. अनेक बोर्डांवर एम.२ची जागा वापरात आली की एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, आणि डीव्हीडी ड्राइव्ह नेमका त्यांवरच असू शकतो.

बायोसमध्ये नाव आहे पण विंडोजमध्ये नाही, तर नवा ड्राइव्ह आणूनही उपयोग नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत) ड्राइव्हवर पिवळे चिन्ह असेल तर तो अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करा. चिन्ह परत आले आणि कोड १९ किंवा ३९ दिसत असेल, तर जुन्या डिस्क-रायटिंग सॉफ्टवेअरने मागे ठेवलेल्या ‘अपर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ या रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) नोंदी हे नेहमीचे कारण. डीव्हीडी व सीडी-रॉम वर्गाखालच्या त्या दोन नोंदी काढल्या की ड्राइव्ह परत येतो. काढण्याआधी रजिस्ट्रीच्या त्या भागाची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवा. रजिस्ट्रीची सवय नसेल तर जाणकाराला बसवा, पण ड्राइव्ह विकत घेऊ नका.

आता, ड्राइव्ह गेलाच असेल तर. संगणक बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि पॉवरचे बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंचे पत्रे काढा. एकच पत्रा काढून काम करायला गेले की पलीकडचे स्क्रू राहून जातात आणि लोक ड्राइव्ह नुसता ओढत बसतात. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. वायरींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

ड्राइव्हच्या मागे दोन जोडण्या असतात : सात पिनांची अरुंद डेटा केबल आणि पंधरा पिनांची रुंद पॉवर केबल. डेटा केबलला पत्र्याची खिट्टी असेल तर ती दाबून केबल सरळ मागे ओढा. वाकडी ओढली तर ड्राइव्हवरची किंवा मदरबोर्डवरची प्लास्टिकची जीभ तुटते. ड्राइव्ह सहसा प्रत्येक बाजूला दोन स्क्रूंवर असतो. काही कॅबिनेटना स्क्रूऐवजी प्लास्टिकची कळ असते. तो मोकळा करून मागून ढकला आणि पुढच्या बाजूने बाहेर काढा. आतून काढायला जाऊ नका.

नवा ड्राइव्ह पुढूनच आत सरकवा. त्याचा दर्शनी भाग कॅबिनेटच्या तोंडाशी एका रेषेत आल्यावरच स्क्रू पक्के करा, नाहीतर ट्रे कडेला घासतो. स्क्रूंच्या बाबतीत काळजी घ्या. डीव्हीडी ड्राइव्हला बारीक आट्यांचे एम३ स्क्रू लागतात, लांबी ५ मिलिमीटर. ३.५ इंची हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. ते जोर लावून फिरवले तर ड्राइव्हच्या भोकातले आटे कायमचे जातात. फार लांब स्क्रू आत जाऊन यंत्रणेला टेकतो. म्हणून जुन्या ड्राइव्हचेच स्क्रू वापरा.

साटाच्या दोन्ही जोडण्या इंग्रजी एल अक्षराच्या खाचेच्या असतात, उलट्या बसत नाहीत. बसत नसेल तर दाबू नका, फिरवून पाहा. साटा पॉवर वायर शिल्लक नसेल तर दुकानदार चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारा अडॅप्टर देतात. त्यातला अखंड ओतीव प्लास्टिकचा घेऊ नका. आतल्या तारा एकमेकींना टेकून तो वितळल्याची, पेटल्याची उदाहरणे आहेत. ज्यात प्रत्येक तार वेगवेगळी दाबून बसवलेली दिसते, तसा मागून घ्या.

पत्रे लावण्याआधी प्लग लावून संगणक सुरू करा, आत हात न घालता. बायोसमध्ये नाव आले, विंडोजने ड्राइव्ह ओळखला, एक सीडी आणि एक डीव्हीडी वाचली गेली, की मग बंद करून पत्रे लावा. वेगळे ड्रायव्हर लागत नाही.

प्रश्न (नाशिक) : ट्रे उघडत नाही आणि आत महत्त्वाची डिस्क अडकली आहे. ड्राइव्ह फोडावा लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. संगणक पूर्ण बंद करा, कारण आत डिस्क फिरत असू शकते. ट्रेच्या खाली सुईच्या जाडीचे एक भोक दिसेल. जेम क्लिप सरळ करून त्यात सरळ आत घाला, थोडा विरोध जाणवला की हळू दाबा. ट्रे जेमतेम बाहेर येईल, पुढे बोटांनी ओढा.

बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतो पण ट्रे हलत नाही, तर आतला छोटा रबरी पट्टा सैल किंवा कडक झाला आहे. वापर कमी असला तरी वर्षांनी असे होतेच. तळाचा पत्रा आणि पुढची पट्टी काढली की तो ट्रेच्या खाली, पुढच्या भागात दिसतो. नवा पट्टा जुन्याच्या मापाने घेऊ नका. जुना ताणलेला असतो, म्हणून किंचित लहान घ्या. आवाजच येत नसेल तर पट्ट्याचा दोष नाही. उघड्या ड्राइव्हला वीज देऊन भिंगात डोकावू नका, लेझरने डोळ्याला इजा होते.

बाहेर निघालेल्या डिस्कला मधल्या भोकापाशी तडा असेल तर ती पुन्हा कुठल्याच ड्राइव्हमध्ये घालू नका. ५२एक्स वेगाला सीडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते आणि तडकलेली डिस्क आतच फुटते. कागदी लेबल चिकटवलेल्या डिस्कचा तोलही त्या वेगाला बिघडतो.

प्रश्न (कोल्हापूर) : सीडी चालते, डीव्हीडी चालत नाही. ड्राइव्ह अर्धा खराब असू शकतो का?

उत्तर : असू शकतो. सीडीसाठी ७८० आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लेझर, असे दोन वेगळे लेझर असतात. एक थकला तरी दुसरा चालतो. भिंगावर धूळ असू शकते, म्हणून कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन अलगद पुसून पाहा. भिंग नाजूक तारांवर लोंबते, दाबू नका. फरक पडला नाही तर बदला. पण जुना ड्राइव्ह लगेच टाकू नका. घरी राइट केलेल्या जुन्या डिस्क एका ड्राइव्हला वाचता येतात आणि दुसऱ्याला येत नाहीत, असे सर्रास होते. लग्नाच्या, मुलांच्या लहानपणीच्या चित्रफिती असतील तर नवा ड्राइव्ह बसताच आधी त्या हार्ड डिस्कवर उतरवा. राइट केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर वर्षागणिक उतरत जातो, आणि एकदा वाचेनाशी झालेली डिस्क परत मिळवणे फार कठीण.

प्रश्न (ठाणे) : कंपनीच्या छोट्या, आडव्या डेस्कटॉपसाठी डीव्हीडी रायटर आणला, तो आत जातच नाही.

उत्तर : मोठ्या कॅबिनेटमध्ये ५.२५ इंची ड्राइव्ह लागतो. तुमच्या यंत्रात बहुधा लॅपटॉपसारखा पातळ ड्राइव्ह आहे. त्याची जाडी १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर असते, आणि या दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. त्याची जोडणीही वेगळी, सात आणि सहा पिनांची, आणि तो फक्त ५ व्होल्टवर चालतो. जुना काढून त्याची जाडी मोजा आणि तोच दुकानात न्या. जुन्याच्या मागचा धातूचा कोन आणि पुढची प्लास्टिकची पट्टी जपून काढा, ती नव्यावर लावावी लागते. नव्यासोबत त्या यंत्राला बसणारी मिळेलच असे नाही.

प्रश्न (लातूर) : शाळेतला जुना संगणक रुंद, चपट्या केबलचा आहे. नवा ड्राइव्ह लावला तर हार्ड डिस्कही दिसेना.

उत्तर : ही आयडीई, म्हणजे साटाच्या आधीची जुनी जोडणी. एका केबलवर दोन उपकरणे असतील तर एक मास्टर (मुख्य) आणि एक स्लेव्ह (दुय्यम) हवे. दोन्ही मास्टर झाली की दोन्ही गायब होतात, तुमच्याकडे तेच झाले आहे. ड्राइव्हच्या मागच्या बाजूला इवलासा जम्पर (पिनांवर बसणारी टोपी) असतो, त्याची जागा बदलून हे ठरते. हार्ड डिस्क मास्टर आणि डीव्हीडी स्लेव्ह ठेवा. मदरबोर्डवर दुसरी आयडीई जागा असेल तर डीव्हीडीला स्वतंत्र केबल द्या, ते अधिक बरे. केबलची लाल कड ड्राइव्हच्या पॉवर जोडणीच्या बाजूला येते. ऐंशी तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डला, काळे मास्टरला, मधले करडे स्लेव्हला. असे ड्राइव्ह आता जुन्या बाजारातच, मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी, मिळतील. घेताना दुकानातच चालवून पाहा.

प्रश्न (नागपूर) : नव्या कॅबिनेटला डीव्हीडीची जागाच नाही. रुग्णालयातून एमआरआयची सीडी मिळते, ती पाहण्यापुरता बाहेरचा ड्राइव्ह घेतला, पण तो खटखट करून बंद पडतो.

उत्तर : वीज कमी पडते आहे. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९०० मिलिअँपिअर. डिस्क फिरू लागते त्या क्षणी ड्राइव्हला जास्त लागते. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आणि हब टाळा, मागच्या बाजूला थेट मदरबोर्डवरच्या ३.० पोर्टमध्ये लावा. तरीही बंद पडला तर दोन यूएसबी टोकांची केबल वापरा. एमआरआयची सीडी उघडली की नुसती चित्रे नव्हे, सगळे फोल्डर जसेच्या तसे हार्ड डिस्कवर उतरवा. पुढच्या डॉक्टरांना मूळ रचनेतल्या फाइलच लागतात.

प्रश्न (पुणे) : नव्या ड्राइव्हवर सगळे वाचले जाते, पण मुलीने अमेरिकेहून आणलेल्या चित्रपटाच्या डीव्हीडी लागत नाहीत.

उत्तर : विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट चालवण्याची सोय विंडोजमध्ये सोबत येत नाही. आधी व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर टाकून पाहा. तरी अडले तर विभागाचा (रीजन कोडचा) प्रश्न आहे, म्हणजे एका विभागासाठीची डिस्क दुसऱ्या विभागावर ठेवलेल्या ड्राइव्हला चालत नाही : भारत विभाग ५ मध्ये, अमेरिका विभाग १ मध्ये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या गुणधर्मांत विभाग बदलता येतो, पण एकूण पाचच वेळा. त्यानंतर शेवटचा विभाग कायम राहतो. दोन्हीकडच्या डिस्क पाहायच्या असतील तर जुना चालू ड्राइव्ह दुसऱ्या साटा पोर्टवर लावा, एक विभाग १ वर ठेवा आणि दुसरा ५ वर.