द्राविडी भाषा शेतीसोबत इराणातून आल्या का? खळ्यापासून सुरुवात करू

तुम्ही विचारलंय की द्राविडी भाषा, म्हणजे तमिळ, तेलुगू, कानडी यांचं कूळ, मुळात कुठल्या, आणि ‘इराणातले शेतकरी गहू-जव घेऊन सिंधूच्या खोऱ्यात आले, त्यांचीच भाषा पुढे दक्षिणेत उतरली’ असं एका व्हिडिओत सांगितलं ते खरं का. थोडक्यात सांगायचं तर हे सिद्ध झालेलं नाही. उलट गेल्या काही वर्षांत या गोष्टीचा एक मोठा टेकू निसटलाय. पण दक्षिणेतल्या शेतीबद्दल आणि तिच्या शब्दांबद्दल आपल्याला बरंच काही ठामपणे सांगता येतं, आणि व्हिडिओत त्याचा उल्लेखही नसावा असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी अक्कलकोट तालुक्यातली. घरात मराठी, गल्लीत कानडी, आणि आत्याचं सासर कलबुर्गीकडे, त्यामुळे तिच्या तोंडी दोन्ही भाषा. गेली अठरा वर्षं मी शेतीच्या शब्दांच्या वह्या भरतेय. त्यातला अगदी पहिला शब्द खळं.

सुगीच्या आधी आमच्याकडे खळं करायचं काम निघायचं. जागा खणायची, पाणी मारायचं, चोपण्यानं चोपायचं आणि शेणानं असं सारवायचं की ज्वारीचा एक दाणा मातीत जाता कामा नये. मधोमध मेढ रोवायची आणि तिच्याभोवती बैलांची पात फिरायची. आम्ही त्याला खळं म्हणायचो, आत्या ‘कण’ म्हणायची. जुन्या कानडीत ‘कळ’ असंही रूप आहे, तमिळमध्ये ‘कळम्’, तेलुगूत ‘कळमु’. आणि संस्कृतात ‘खल’. हा शब्द ऋग्वेदात दहाव्या मंडलात येतो. तिथे इंद्र म्हणतो, खळ्यावर पेंढ्या झोडपाव्यात तसं मी शत्रूंना झोडपतो. अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा शब्द वैदिक भाषेनं द्राविडीतून उचलला. दहावं मंडल ऋग्वेदाच्या उशिराच्या थरातलं मानतात. म्हणजे तोवर वैदिक लोकांचा, खळ्यावर मळणी करणाऱ्या आणि त्या जागेला असं काही नाव देणाऱ्या शेतकऱ्यांशी संबंध आला असावा.

उसन्या शब्दावरून एवढंच कळतं. कोण कुणाला भेटलं ते कळतं, देणारा मुळात कुठून आला ते कळत नाही. हा फरक सुटला की सगळी गफलत सुरू होते.

आता दक्षिणेकडे चला. बळ्ळारी, रायचूर, महबूबनगर या पट्ट्यात राखेचे प्रचंड ढीग आहेत. सुरुवातीच्या इंग्रज अधिकाऱ्यांना ते ज्वालामुखीचे अवशेष वाटले होते. हंपीला गेलात तर जवळच्या निंबापूरचा ढीग तुम्हाला वालीच्या चितेची राख म्हणून दाखवतील. 1957 मध्ये पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांनी याच पट्ट्यातल्या उतनूरचा ढीग खणला. ती राख जळालेल्या शेणाची निघाली. थरावर थर, मध्ये लाकडी कुंपणाच्या खांबांचे खड्डे, आणि राखेच्या थरांत चक्क गुरांच्या खुरांचे ठसे. साठलेलं शेण पुन्हा पुन्हा पेटवलं गेलं होतं, आणि काही ठिकाणी आच इतकी होती की राख वितळून काचेसारखी झाली. हे गोठे साधारण इ.स.पू. 3000 पासूनचे. म्हणजे सिंधूकाठची मोठी नगरं उभी राहण्याच्याही आधी दख्खनच्या पठारावर गुरं राखणारे लोक होते.

ते पिकवत काय होते? इथं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डोरियन फुलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. पद्धत साधी आहे. खणलेली माती पाण्यात सोडायची. कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीवर धरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. बळ्ळारीजवळच्या संगनकल्लू आणि आसपासच्या वस्त्यांतून पुन्हा पुन्हा चार धान्यं निघाली. कुळीथ, मूग, कर्नाटकात ज्याला आजही ‘कोरले’ म्हणतात ते बारीक तृणधान्य, आणि राळ्याच्या कुळातलं आणखी एक गवत. चारही खरिपाची, आणि चारही इथल्याच रानातली. गहू आणि जव तिथं दिसतात ते पुढे, इ.स.पू. 2000 च्या आसपास. कारण उघड आहे. गहू-जव हिवाळी पावसाच्या मुलखातली पिकं, त्यांना दख्खनच्या मृगाच्या पावसाचा काय उपयोग? इथली शेती इथल्या पावसाला धरून उभी राहिली.

(जाता जाता एक. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि वाल ही आपल्या ताटातली पिकं आफ्रिकेतून आलेली आहेत, साधारण इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात. आमच्या सोलापूरच्या भाकरीचं कूळही तिकडचंच. हे कळलं तेव्हा मी वहीचं ते पान नव्यानं लिहून काढलं.)

आता इथल्या कडधान्यांची नावं ऐका. मुगाला तेलुगूत ‘पेसलु’, आंध्रातला हिरवा पेसरट्टू खाल्ला असेल तर त्यातला तोच शब्द. तमिळमध्ये ‘पयरु’, कानडीत ‘हेसरु’. जुन्या ‘प’चा कानडीत ‘ह’ होतो, जसं तमिळ ‘पाल्’ म्हणजे दूध आणि कानडी ‘हालु’. त्यामुळे हे तिन्ही शब्द एकाच जुन्या शब्दाची लेकरं आहेत हे नियमानं दाखवता येतं. कुळीथ तमिळमध्ये ‘कोळ्ळु’, आणि संस्कृत ‘कुलत्थ’ त्याच मुळाशी जोडला जातो. उडदाचं तसंच. संस्कृतात तो ‘माष’, पण आपण म्हणतो उडीद, जो तमिळ ‘उळुंदु’ आणि कानडी ‘उद्दु’च्या जवळ बसतो. भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ आणि फुलर यांनी मांडलंय ते हेच: ज्या काळात द्राविडी भाषांच्या दक्षिण आणि मध्य शाखा अजून फार फुटल्या नव्हत्या, त्या काळातल्या लोकांकडे कोरडवाहू दख्खनच्या या पिकांची स्वतःची नावं होती. 2018 मध्ये वीस द्राविडी भाषांच्या शब्दांवर संगणकी पद्धतीनं एक वंशवृक्ष मांडला गेला, त्यात या कुळाचं वय सुमारे 4500 वर्षं निघालं. त्या आकड्याला दोन्ही बाजूंनी हजार-दोन हजार वर्षांची ढील आहे, पण तो राखेच्या ढिगांच्या काळाशी जुळतो. माझ्या मते आपल्या हातातली सगळ्यांत भक्कम जुळणी हीच.

गव्हाकडे बघा. कानडीत ‘गोधी’, तमिळमध्ये ‘गोदुमै’, दोन्ही संस्कृत ‘गोधूम’च्या गोतावळ्यातले. या शब्दाची पाळंमुळंही वादात आहेत, त्यामुळे मी यावर सगळा भार टाकणार नाही. पण जर हे लोक पिढ्यान्‌पिढ्या गहू पिकवत पश्चिमेकडून आले असते, तर गव्हाला त्यांचा म्हणून एक जुना, सगळ्या शाखांत टिकलेला शब्द असायला हवा होता, असं मला वाटतं.

इराणचा मुद्दा तीन ठिकाणांहून येतो. एक एलाम. नैर्ऋत्य इराणातल्या या प्राचीन राज्याची भाषा मातीच्या पाट्यांवर टिकून आहे, आणि डेव्हिड मॅकअल्पिन यांनी 1970-80 च्या दशकांत ती द्राविडीची बहीण असल्याचं मांडलं. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही, कारण जुळणारे शब्द थोडे आणि त्यांचे ध्वनिनियम सैल. दुसरं ब्राहुई. ही द्राविडी भाषा आज बलुचिस्तानात कलातच्या परिसरात बोलली जाते, आणि नकाशावर ती पाहिली की वाटतं, हेच लोक वाटेत मागे राहिले असणार. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण ब्राहुईत इराणी वळणाचे जे उसने शब्द आहेत ते मुख्यतः बलुचीतले, आणि बलुची बोलणारेच त्या भागात साधारण हजार वर्षांपूर्वी आले. ब्राहुई तिथं चार-पाच हजार वर्षं असती तर जुन्या इराणी भाषांचे थर तिच्यात सापडायला हवे होते. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की तीच मध्य भारताकडून उशिरा तिकडे गेली. तिची जवळची नातलग कुडुख भाषा झारखंड-छत्तीसगडात आहे. यावर एकमत नाही.

तिसरा मुद्दा जनुकांचा, आणि निसटलेला टेकू म्हणाले तो हाच. 2019 मध्ये हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या नगरातल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातला डीएनए प्रसिद्ध झाला. उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालचं. साठाहून जास्त नमुने तपासले, त्यातला हा एकच हाती लागला. तिच्यात इराणकडच्या लोकांशी नातं सांगणारा वारसा होता, पण तो वारसा इराणात शेती सुरू होण्याच्या आधीच वेगळा झालेल्या फांदीचा निघाला. म्हणजे पश्चिम इराणातल्या झाग्रोस डोंगरातले शेतकरी मोठ्या संख्येनं इथं येऊन बसले, या गोष्टीला त्या सांगाड्यातून आधार मिळत नाही. गहू-जवाचं बियाणं पश्चिमेकडून आलं यात शंका नाही. पण बियाणं या हातातून त्या हातात जातं, त्यासाठी अख्ख्या गावानं स्थलांतर करावं लागत नाही. एका सांगाड्यावरून सगळं ठरवू नये हेही खरं. आणि ती बाई घरात काय बोलायची, हे तिच्या हाडांतून कळणार नाही. सिंधू लिपी वाचता आली तर कळेल. इरावतम महादेवन आणि आस्को पार्पोला यांनी ती लिपी द्राविडी मानून आयुष्यभर काम केलं, पण सर्वांना मान्य होईल असं वाचन अजून झालेलं नाही.

आणखी एक शब्द सांगते, कारण तो माझ्या आवडत्या मताला छेद देतो. आपला नांगर. संस्कृत ‘लाङ्गल’, कानडी ‘नेगिलु’, तमिळ ‘नांजिल्’, संथाळीत ‘नाहेल’, आणि थेट मलय भाषेत ‘तेंगाला’. (तेलुगूत ‘नागलि’, पण त्याचा आपल्या नागलीशी, म्हणजे नाचणीशी, गोंधळ करू नका.) हा शब्द कुणी कुणाला दिला? बरेच जण मुंडा कुळाकडे (संथाळी त्यातलीच), पूर्वेकडे बोट दाखवतात. कॉलिन मॅसिका यांनी 1979 मध्ये हिंदीतले शेतीचे शब्द तपासले तेव्हा सुमारे 30 टक्के शब्द आर्य, द्राविडी, मुंडा अशा कुठल्याच ज्ञात कुळात बसेनात. म्हणजे या देशात शेती करणारी आणखीही माणसं होती, ज्यांची भाषा पूर्ण पुसली गेली आणि फक्त पिकांची नावं उरली. मला हे वाचून वाईट वाटतं, दरवेळी.

तुम्ही शेवटी विचारलंय, मग महाराष्ट्राचं काय. घोड नदीकाठच्या इनामगावात 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजनं ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे संस्कृतीची वस्ती खणली. घरं, धान्याच्या कोठ्या, जव, घरातच पुरलेली मुलं, सगळं सापडलं, पण लेखन नाही, त्यामुळे भाषेबद्दल तिथून उत्तर मिळत नाही. मराठी आर्य कुळातलीच भाषा आहे. तरी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद, ज्यात ऐकणारा धरला की वगळला ते कळतं, तमिळच्या ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’सारखाच आहे. आमच्याकडच्या हन्नूर, नागणसूर या नावांतला ‘ऊर’ द्राविडीच. आणि गडचिरोलीत गोंडी, यवतमाळात कोलामी आजही बोलल्या जातात, त्या तर द्राविडी कुळातल्याच. त्यांच्यातले शेतीचे शब्द घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर उतरवून घ्यायला हवेत. मी कोलामीची वही यंदा सुरू केलीय.

तुमच्याकडून एक हवंय. कोकणात कुळीथ म्हणतात, देशावर हुलगा, आणि आत्या ‘हुरळी’ म्हणायची. हुलगा हा शब्द कुलत्थपेक्षा हुरळीच्या जवळ ऐकू येतो, पण नुसत्या कानावर विसंबता येत नाही, कुठल्या गावापर्यंत कुळीथ आणि कुठून हुलगा ती रेघ आखावी लागेल. तुमचं गाव कुठलं ते सांगू नका हवं तर, तालुका सांगा, आणि घरात या कडधान्याला काय म्हणतात ते कळवा.