कॅरिबियनमध्ये दहा दिवसांची समुद्रकिनाऱ्याची सुट्टी: कोणते बेट, कोणता किनारा?

आपला प्रश्न असा आहे की, येत्या फेब्रुवारीत पुण्याहून आपण दोघे, सत्तरी ओलांडलेल्या शाकाहारी सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी असे चौघे दहा दिवसांसाठी कॅरिबियनला जाणार असाल, तर कोणते बेट निवडावे, एकाच फेरीत दोन-तीन बेटे पाहावीत का, आणि जेवणखाण धरून सगळे पैसे आधीच भरायच्या रिसॉर्टमध्ये उतरावे की स्वतंत्र घर घ्यावे. माझे उत्तर थोडक्यात असे: बार्बाडोसला जावे, तेवढे एकच बेट करावे आणि त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे त्याच किनाऱ्यावर राहिले असल्यामुळे हे सांगते आहे, आणि त्यामागची कारणे जरा सविस्तर मांडते.

बार्बाडोस नकाशावर ठिपक्याएवढे दिसते. लांबी सुमारे 34 किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त 23. पण या लहानशा बेटाला तीन बाजूंना तीन निराळे समुद्र आहेत, आणि आपण कोणत्या बाजूला उतरतो यावर पुढची सगळी सुट्टी ठरते. बहुतेक लोक हॉटेलची छायाचित्रे पाहून खोली ठरवतात आणि किनारा कोणता मिळाला ते तिथे गेल्यावर त्यांना कळते. हा क्रम उलटा असायला हवा. पूर्वेला थेट अटलांटिक महासागर आहे. आफ्रिकेपासून मध्ये कुठेही जमीन नसल्यामुळे लाटा पूर्ण जोराने येऊन आदळतात. पश्चिम बाजू वाऱ्याच्या आडोशाला असल्याने तिथले पाणी तळ्यासारखे शांत असते. दक्षिण किनारा या दोन्हींच्या मधला आहे: लाटा आहेत, पण बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यापासून काही अंतरावर असलेल्या प्रवाळाच्या रांगेने त्यांचा जोर मोडलेला असतो.

माझे बालपण मालवणात गेले, त्यामुळे तिथल्या समुद्रात मला दोन गोष्टी लगेच वेगळ्या जाणवल्या, आणि कोकण पाहिलेल्या माणसाला त्या आधी माहीत असाव्यात. एक म्हणजे भरती-ओहोटीतला फरक तिथे एक मीटरही नसतो. आपल्याकडे ओहोटीला पुळण दुप्पट रुंद होते, मुले ओल्या वाळूवर धावतात, भरतीच्या वेळा पाहूनच पाण्यात उतरावे लागते. बार्बाडोसमध्ये पाण्याची कड दिवसभर जवळपास एकाच जागी राहते, त्यामुळे कोणत्याही वेळी पोहता येते, पण पुळण अरुंद असते आणि पाणी काही पावलांतच खोल होऊ शकते. दुसरे म्हणजे पाण्याचा नितळपणा. बेटाचा सुमारे 85 टक्के भाग प्रवाळी चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी त्या सच्छिद्र खडकात मुरते, मोठ्या नद्या नाहीत, म्हणून समुद्रात गाळ फारसा येत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिल्यावर स्वतःच्या पायाची नखे स्पष्ट दिसतात. याच चुनखडीतून गाळले गेलेले पाणी नळाला येते आणि ते सरळ पिता येते, त्यामुळे बाटल्या विकत घेण्याचा खर्च टाळावा.

आता प्रत्यक्ष जागा. राहण्यासाठी मी रॉकली ते वर्दिंग हा पट्टा सुचवेन. रॉकलीच्या ॲक्रा बीचपासून हेस्टिंग्जच्या दिशेने समुद्राला लागून सुमारे दीड किलोमीटरची पायवाट बांधलेली आहे. वाळूत पाय रुतत नाहीत, चढ-उतार नाहीत, बसायला जागा आहेत. सासूबाईंना सकाळ-संध्याकाळ फिरण्यासाठी यापेक्षा चांगली सोय बेटावर मला दुसरी दिसली नाही. मुलीसाठी ऑयस्टिन्सजवळचा मायामी बीच घ्यावा (अमेरिकेतल्या शहराशी त्याचा काही संबंध नाही), कारण तिथे एका बाजूला खेळण्याजोग्या लाटा आणि दुसऱ्या बाजूला संथ, उथळ पाणी, अशी दोन्ही मजा चालत जाण्याच्या अंतरावर मिळते. पश्चिमेकडील होलटाउन, पेन्स बे, मलिन्स हे किनारे सुंदर आहेत, पण राहण्याच्या दृष्टीने तो बेटाचा सर्वांत महाग भाग आहे. तिकडे दिवसभरासाठी जावे. बार्बाडोसमधील सर्व किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे अत्यंत महागड्या हॉटेलासमोरच्या वाळूवरही आपल्याला तितक्याच हक्काने बसता येते. रस्त्यावरून आत जाणाऱ्या अरुंद वाटा मात्र शोधाव्या लागतात.

एका सकाळी, सूर्य उगवण्याच्या सुमारास, ब्रिजटाउनच्या कार्लाइल बे येथील पेबल्स बीचवर अवश्य जावे. जवळच्या गॅरिसन सव्हाना या मैदानावर घोड्यांच्या शर्यती होतात आणि तिथले शर्यतीचे घोडे पहाटे समुद्रात आंघोळीला आणतात. मोतद्दार लगाम धरून छातीभर पाण्यात उभे असतात. घोडा आधी कडेला अडतो, नाकपुड्या फुलवतो, मग एकदम पाण्यात शिरतो आणि मान वर ठेवून पोहू लागतो. त्याच वेळी शेजारी म्हाताऱ्या बायका टोप्या घालून गळ्याएवढ्या पाण्यात गप्पा मारत उभ्या असतात, कारण सकाळचे समुद्रस्नान हा तिथला जुना आरोग्यनियम आहे. कुणी निघायची घाई करत नाही. याच उपसागरात बुडालेल्या जहाजांचे सांगाडे आहेत आणि समुद्री कासवे दिसतात. कासवे दाखवणाऱ्या होड्या ठिकठिकाणी मिळतात; जो होडीवाला कासवांना खाऊ घालून किंवा हात लावू देऊन गर्दी जमवतो, त्याच्याबरोबर जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पूर्व किनारा पाहण्यासाठी आहे, पोहण्यासाठी नाही. बाथशेबा येथे किनाऱ्यालगतच्या पाण्यात प्रचंड दगड उभे आहेत, ज्यांचा खालचा भाग लाटांनी झिजून बारीक झाला आहे. तिथल्या लाटांवर जगभरचे सर्फर येतात, पण पाण्याला विलक्षण ओढ आहे आणि चांगल्या पोहणाऱ्यानेही तिथे उतरू नये. ओहोटीच्या वेळी खडकांमध्ये पाणी साठून डोह तयार होतात. त्यांत मुलीला मोठ्यांच्या नजरेखाली बसू द्यावे, तेवढेच. परतताना बेटाच्या मध्यभागी असलेली हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा बघता येईल. आत ट्रामने नेतात, त्यामुळे सासूबाईंनाही अडचण येणार नाही.

पुळणीवरील एक झाड ओळखायला मुलीला पहिल्याच दिवशी शिकवावे. मँचिनील नावाचे हे झाड पश्चिम किनाऱ्यावर विशेष आढळते; त्याला लहान हिरव्या सफरचंदासारखी फळे लागतात. फळ विषारी आहे आणि झाडाचा चीकही इतका दाहक आहे की, पावसात त्याच्याखाली आडोसा घेतला तर वरून गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. बऱ्याच झाडांच्या खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो, पण प्रत्येक झाडावर तो असेलच असे नाही. खाली पडलेले कोणतेही फळ उचलायचे नाही, हा नियम सोपा आहे.

उन्हाबद्दलही सावध करते. अक्षांशाने हे बेट चेन्नईच्या रांगेत आहे, पण पूर्वेकडून सतत वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यामुळे चेन्नईसारखा उकाडा जाणवत नाही, आणि म्हणूनच त्वचा भाजते आहे हे वेळेत कळत नाही. मुलीला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घ्यावा आणि 11 ते 3 या वेळेत सावलीत राहावे.

फेब्रुवारी हा महिना आपण उत्तम निवडला आहे. डिसेंबर ते मे हा तिथला कोरडा काळ. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा असतो. 29 जून 2024 रोजी भारताने ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर टी-20 विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर बेरिल वादळामुळे विमानतळ बंद होऊन रोहित शर्माचा संघ तिथेच अडकला, हे आपल्याला आठवत असेल. फेब्रुवारीत ती भीती नाही. मात्र डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गर्दीचा हंगाम असल्यामुळे दर चढे असतात. सारगॅसम हे तपकिरी समुद्री शेवाळ 2011 पासून मोठ्या प्रमाणात किनाऱ्याला लागू लागले आहे. त्याचा जोर साधारण मार्चनंतर वाढतो आणि त्रास मुख्यतः पूर्व व दक्षिण किनाऱ्याला होतो. आपल्या मुक्कामात ते आलेच, तर त्या दिवशी बसने पश्चिमेला जावे.

घर की रिसॉर्ट, या प्रश्नात माझ्या मते निर्णायक मुद्दा सासूबाईंच्या जेवणाचा आहे. रिसॉर्टमध्ये शाकाहारी माणसाला दहा दिवस सॅलड, पास्ता आणि बटाटे यांवर काढावे लागतात आणि पैसे मात्र पूर्ण भरावे लागतात. स्वतःचे स्वयंपाकघर असेल तर तांदूळ, डाळी, भाजी, दही सुपरमार्केटमध्ये मिळते. बहुतेक माल आयात होत असल्याने महाग असतो, तरीही बाहेर खाण्यापेक्षा स्वस्त पडतो. बाजारात नीरफणस आणि भेंडी मिळेल, आणि फेब्रुवारीत ताजे तुरीचे दाणेही मिळतील, कारण तिथल्या भातात घालतात ते वाटाणे म्हणजे आपली तूरच. हा तयार भात बाहेर घेताना मात्र विचारून घ्यावे, कारण त्यात खारवलेले डुकराचे मांस घालण्याची पद्धत आहे. मक्याचे पीठ आणि भेंडी घोटून केलेला कूकू आणि उडता मासा हे तिथले राष्ट्रीय जेवण आहे. आपण मासे खात असाल तर ते एकदा चाखावे आणि शुक्रवारी रात्री ऑयस्टिन्सच्या मासळी बाजाराजवळच्या टपऱ्यांवर भाजलेला मासा खावा. तिथे फलकावर डॉल्फिन असे लिहिलेले दिसले तर दचकू नये. तो माहीमाही नावाचा मासा असतो. रोटी या नावाने मिळणारी, बटाटा किंवा कोंबडीची करी भरलेली मैद्याची पातळ पोळी सर्वत्र मिळते आणि मुलीला बहुधा आवडेल.

फिरण्यासाठी रोज गाडी भाड्याने घेण्याची गरज नाही. दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर बसगाड्या भरपूर आहेत: सरकारी निळ्या, खासगी पिवळ्या आणि पांढऱ्या छोट्या व्हॅन. माझ्या माहितीप्रमाणे भाडे अंतर कितीही असो 3.50 बार्बाडोस डॉलर आहे. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर 1975 पासून ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा जातो. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत. सासूबाईंसाठी पांढऱ्या व्हॅन टाळाव्यात. त्या वेगाने धावतात आणि दाटीवाटीने भरतात. पूर्वेकडे जाण्याच्या दिवशी गाडी घ्यावी. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, फक्त स्थानिक तात्पुरता परवाना काढावा लागतो, तो गाडी देणारेच काढून देतात.

दोन-तीन बेटे करण्याचा विचार सोडून द्यावा असे मी आग्रहाने म्हणेन. बार्बाडोस इतर बेटांपासून बाजूला, पूर्वेला आहे. सर्वांत जवळची सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट ही बेटेही सुमारे 150 ते 160 किलोमीटरवर आहेत आणि नियमित प्रवासी बोट नाही. प्रत्येक उडीसाठी विमानतळ, सामान, पासपोर्ट तपासणी आणि त्या त्या देशाचे निराळे व्हिसा नियम येतात. दहापैकी तीन दिवस त्यातच जातात. त्रिनिदाद जोडण्याचा मोह झाला, तर एक गोष्ट विसरू नये: तो पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या यादीत असल्यामुळे तिथे जाऊन भारतात परतताना लसीचा दाखला लागतो, तो प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेल्या लसीचा असावा लागतो, आणि नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवले जाते.

खरा अडथळा वाटेतला आहे. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण थेट विमानही नाही. अमेरिकेत नुसते विमान बदलायलाही व्हिसा लागतो. लंडनमार्गे जाताना विमानतळाबाहेर पडला नाहीत तरी भारतीयांना संक्रमण (ट्रान्झिट) व्हिसा लागतो, त्यातून अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्यांना सूट मिळू शकते. लंडनला एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघायचे असेल, तर ब्रिटनमध्ये प्रवेशाचाच व्हिसा हवा, म्हणून हीथ्रो आणि गॅटविक अशी फोड असलेले स्वस्त तिकीट घेण्याआधी दोनदा पाहावे. मुंबई ते लंडन आणि लंडन ते ब्रिजटाउन हे दोन्ही टप्पे साधारण नऊ-नऊ तासांचे आहेत. सासूबाईंचा विचार करता मध्ये एक रात्र लंडनला थांबणे मला योग्य वाटते, आणि त्यासाठीही व्हिसा आलाच. चौघांचे नियम त्यांच्या त्यांच्या पासपोर्टप्रमाणे अधिकृत संकेतस्थळावर तपासून मगच तिकीट काढावे.

सामान भरताना लष्करी छाप्याचे काहीही घेऊ नये. बार्बाडोसमध्ये सामान्य नागरिकाने असा कपडा वापरणे कायद्याने गुन्हा आहे आणि यात मुलांच्या टोप्या आणि पाठपिशव्याही येतात. डासांचे मलम घ्यावे, कारण डेंग्यू तिथेही होतो. प्रवास विमा सासूबाईंच्या जुन्या आजारांसह काढावा. दुकानात, बसमध्ये शिरताना आधी अभिवादन करावे आणि मग काम सांगावे, ही तिथली रीत आहे. ती पाळली की लोक मनापासून मदत करतात.

फेब्रुवारीसाठी घर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच ठरवावे आणि शक्यतो तारीख बदलण्याची किंवा रद्द करण्याची मुभा असलेले घ्यावे, म्हणजे व्हिसाला उशीर झाला तरी पैसे अडकणार नाहीत. तळमजल्यावरचे घर मागावे. दोन-तीन मजली इमारतींना पुष्कळदा लिफ्ट नसते.