विचारा की! : कॉन्ट्राच्या 30 लाईफ नेमक्या दिल्या कुणी?

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेलो होतो की लहानपणी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत हट्ट करून टीव्ही गेमची कॅसेट घेतली आणि तिच्यात कॉन्ट्रा, म्हणजे दोन सैनिकांचा गोळीबाराचा गेम, निघाला. बास, एवढंच. तर या महिन्यात तब्येतीचे, कर्जाचे, पोरांच्या ॲडमिशनचे प्रश्न एकीकडे आणि कॉन्ट्राचे एकीकडे, आणि कॉन्ट्राचंच पारडं जड. म्हणून म्हटलं, होऊन जाऊ दे, हा अंक त्यालाच.

प्रश्न : मी आणि माझा भाऊ, दोघंही चाळिशीच्या पुढचे, अजून भांडतो. तो म्हणतो 30 लाईफची ट्रिक कॅसेट बनवणाऱ्या डुप्लिकेटवाल्यांनी घातली होती. मी म्हणतो कंपनीनंच दिली. पैज शेंगा चटणीच्या एक किलोची आहे. : एक वाचक, साखर पेठ

चटणी तुमची. भावाला म्हणावं गपगुमान आणून दे.

ट्रिक कंपनीचीच, म्हणजे गेम बनवणाऱ्या जपानी कोनामीची, पण ती मुळात कॉन्ट्रासाठी नव्हतीच. ग्रेडियस म्हणून विमानाचा एक गेम होता, 1985 ला आर्केडमध्ये म्हणजे पैसे टाकून खेळायच्या मशीनवर आला, आणि 1986 ला तो फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या घरच्या टीव्हीला लावायच्या मशीनवर, आणायचं काम काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरकडे होतं. आता गंमत बघा, गेम बनवतोय स्वतः आणि साहेबांना तो खेळता येईना, मरतायत सारखे. मग टेस्टिंगपुरतं म्हणून त्यानं एक गुपचूप वाट ठेवली, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, दाबलं की विमानाला सगळी हत्यारं हजर. लक्षात राहायला सोपं म्हणून असं जोडीजोडीनं. ते काढून टाकायचं राहिलं आणि तसाच गेम बाजारात गेला.

पुढं 1988 ला कॉन्ट्रा घरच्या मशीनवर आला तेव्हा हीच ट्रिक त्यात ठेवली आणि 3 लाईफच्या 30 झाल्या. दोघं खेळणार असाल तर शेवटी सिलेक्ट दाबून मग स्टार्ट, हे आपल्याकडं कुठलंही पुस्तक नसताना अख्ख्या गल्लीला पाठ होतं, कुणी कुणाला सांगितलं देव जाणे. हाशिमोतो 2020 च्या फेब्रुवारीत गेले. बातमी वाचली तेव्हा अंगठा आपोआप हलला माझा, खरं सांगतो.

आणि हो, सुपर कॉन्ट्रामध्ये म्हणजे दुसऱ्या भागात ही ट्रिक चालत नाही म्हणून कॅसेट खराब आहे असं समजून मी दुकानदाराशी भांडून आलो होतो. तिथं वेगळी आहे : उजवं, डावं, खाली, वर, ए, बी, स्टार्ट. आणि मिळतात फक्त 10.

प्रश्न : धबधब्याच्या स्टेजला माझा मोठा भाऊ मुद्दाम भराभर वर जायचा आणि मी खाली मरायचे. तो म्हणायचा तुला खेळता येत नाही. आता सांगा चूक कुणाची? : एक भगिनी, जुळे सोलापूर

ताई, चूक भावाचीच. तिसरी स्टेज आहे ती, आणि तिथं पडदा फक्त वर सरकतो, खाली परत येत नाही. जो पुढं चढला त्याच्याबरोबर पडदा वर, आणि जो खाली राहिला तो पडद्याच्या बाहेर गेला की मेला, गोळी नाही, शत्रू नाही, काही नाही. तुमच्या खेळण्याचा संबंधच नाही.

पण खरं विचाराल तर कॉन्ट्राची सगळी मजा इथंच आहे असं माझं मत. त्या काळातल्या बऱ्याच गेममध्ये दोन रिमोट असले तरी आधी तू खेळ, तू मेलास की मी, असा कारभार, मारिओ पण तसाच. कॉन्ट्रामध्ये दोघं एकाच वेळी, एकाच पडद्यावर, बिल आणि लान्स, एक निळा एक लाल. म्हणजे थांबावं लागतं, ओरडावं लागतं, "अरे थांब की बे, मी येतोय" असं. एस, म्हणजे गोळ्या पसरून मारणारी बंदूक, आलेली दिसली की कोण घेणार यावरून हाणामारी. आणि स्वतःच्या लाईफ संपल्या की दुसऱ्याच्या खात्यातली एक उचलून परत यायचं, विचारून नाही, उचलूनच! तुम्ही भावाच्या किती उचलल्या ते पत्रात लिहिलेलं नाही, तो हिशोब पण निघू दे एकदा.

प्रश्न : एस चांगली की एफ? : इयत्ता आठवी, होटगी रोड

एस. एफ म्हणजे आगीचे गोळे फेकणारी, ती चुकून उचलली गेली तर शेजारच्याचे बोल ऐकून घ्यायचे.

प्रश्न : कॉन्ट्रा हे नाव त्या अमेरिकेच्या कॉन्ट्रा बंडखोरांवरून आहे का? आणि ही लढाई नक्की कुठं चालू असते? आम्ही तर व्हिएतनाम समजायचो. : निवृत्त शिक्षक, विजापूर रोड

सर, गेम आर्केडमध्ये आला 1987 च्या फेब्रुवारीत, आणि निकाराग्वातल्या, अमेरिकेचा पाठिंबा असलेल्या कॉन्ट्रा बंडखोरांचं प्रकरण तेव्हा रोज पेपरात होतं. आर्केडच्या शेवटच्या म्युझिकचं नाव सँडिनिस्टा आहे, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध ते बंडखोर लढत होते त्यांचंच. त्यामुळं योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही. पण जपानी लोकांनी नावाला आपला अर्थ पण लावला. कोन्-तो-रा अशी तीन चित्रलिपीची अक्षरं आवाजावरून जुळवली, त्यात पहिलं आत्म्याचं आणि दुसरं लढण्याचं, आणि कॉन्ट्रा म्हणजे जन्मतःच लढायची धग आणि गनिमी काव्याचं अंग असलेला योद्धा, असं सांगितलं. गनिमी कावा म्हटल्यावर आपल्याला काय वेगळं सांगायचं.

लढाईची जागा मात्र देश बघून बदलते. जपानी गोष्टीत साल 2633, न्यूझीलंडजवळचा गालुगा नावाचा बेटांचा पुंजका, आणि रेड फाल्कन नावाची टोळी पृथ्वी संपवायला बसलेली. अमेरिकेत विकताना त्यांनी ते उचलून दक्षिण अमेरिकेच्या जंगलात टाकलं आणि काळ आजचा केला. युरोपात तर त्याहून पुढं. जर्मनीत माणसं मारायच्या गेमवर कडक बंधनं, म्हणून घरच्या मशीनवर बिल आणि लान्सचे रोबो केले, शत्रूचेही बरेच रोबो, आणि नाव ठेवलं प्रोबोटेक्टर. गेम तोच, उड्या त्याच, फक्त माणसं पत्र्याची. आपल्याकडं गोष्ट सांगायलाच कुणी नव्हतं, त्यामुळं तुमचं व्हिएतनाम पण तितकंच खरं. आमच्या गल्लीत कारगिल होतं.

प्रश्न : माझ्याकडं "9999999 इन 1" लिहिलेली कॅसेट होती, मित्राकडं "सुपर कॉन्ट्रा 7". एकूण कॉन्ट्रा आले तरी किती? : एक यंत्रमाग कामगार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

त्या नव्व्याण्णव लाखांत खरे गेम मोजले तर बोटांवर मावतील. तोच कॉन्ट्रा एकदा पहिल्या स्टेजपासून, एकदा बर्फापासून, एकदा हातात आधीच एस देऊन, असं करून यादी लांबवायची. तुमच्या भाषेत सांगायचं तर चादर एकच, घडी वेगवेगळी. आणि 7 नंबर डुप्लिकेटवाल्यांचा. निन्टेन्डोच्या त्या घरच्या मशीनवर कोनामीचे तीनच : पहिला कॉन्ट्रा 1988, सुपर सी म्हणजेच सुपर कॉन्ट्रा 1990, आणि 1992 चा कॉन्ट्रा फोर्स, जो खरं तर दुसऱ्याच नावानं बनत होता आणि अमेरिकेत विकताना त्याला कॉन्ट्राची पाटी लावली. खेळलात तर लगेच कळतं, हा आपल्या घरचा नाही.

त्यापुढचं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलंच नाही. 1992 ला सुपर निन्टेन्डोवर कॉन्ट्रा 3 आला, मिसाईलला लोंबकळत लढायचं, दोन्ही हातात दोन बंदुका. मग 1994 ला सेगाच्या मशीनवर हार्ड कोर, त्यात एक लांडगा चक्क हिरो, आणि गोष्टीला फाटे फुटतात. जपानात त्यात एका लाईफला तीन फटके सोसता यायचे, अमेरिकेत एकाच फटक्यात खलास. हे दोन्ही नोबुया नाकाझातोच्या हाताखाली झाले आणि माझ्या मते सीरीजचा कळस तोच.

मग थ्रीडीचं वारं आलं आणि वाट लागली. 1996 चा लेगसी ऑफ वॉर कोनामीनं बाहेरच्या कंपनीकडून करून घेतला, सोबत लाल-निळा चष्मा दिला, तो घालून बघितलं तरी गेम काही चांगला दिसला नाही. 1998 चा त्याच लायनीतला. जरा श्वास आला 2002 ला, नाकाझातो परत आला आणि प्लेस्टेशन 2 वर शॅटर्ड सोल्जर केला, परत बाजूनं बघायचा, परत हाल करणारा. 2007 ला वेफॉरवर्ड या अमेरिकन कंपनीनं कॉन्ट्रा 4 केला, निन्टेन्डोच्या खिशातल्या डीएस मशीनवर, वरच्या-खालच्या दोन पडद्यांत मिळून एकच लढाई. 2019 च्या रोग कोरबद्दल मी काही लिहीत नाही, जेवण झालंय नुकतंच.

प्रश्न : जुनी कॅसेट सापडली आहे, फुंकर मारली तरी लागत नाही. नाहीतर मुलीबरोबर आता खेळायचं कसं? : एक वाचक, भवानी पेठ

फुंकर मारू नका हो. तोंडातल्या ओलाव्यानं आतल्या धातूच्या पट्ट्या आणखी गंजतात, फुंकल्यावर लागायची ती फुंकरीनं नाही, काढून परत नीट बसवल्यामुळं. मोबाईल रिपेअरवाल्याकडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कानातल्या कापसाच्या काडीला लावून पट्ट्या हलक्या हातानं पुसा, दहा मिनिटं वाळू द्या, मग लावून बघा. कॅसेटवर पण पुसा आणि मशीनच्या खाचेत पण, खाच बरेच जण विसरतात.

तरी नाही झालं तर 2019 ला कोनामीनं कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन काढलंय, कॉम्प्युटरवर, प्लेस्टेशन 4 वर, स्विचवर, एक्सबॉक्सवर चालतं. त्यात फॅमिकॉमचा जपानी पहिला कॉन्ट्रा पण आहे, तो जरूर लावा, कारण कोनामीनं त्या कॅसेटमध्ये स्वतःची जास्तीची चिप घातली होती त्यामुळं पहिल्या स्टेजची झाडं वाऱ्यावर हलतात, बर्फाच्या स्टेजला खरंच बर्फ पडतो, आणि स्टेजच्या आधी नकाशा येतो. अमेरिकेच्या कॅसेटमध्ये हे काहीच नव्हतं. नवीनच पाहिजे तर 2024 चा ऑपरेशन गालुगा आहे, परत वेफॉरवर्डनं केलेला, पहिल्याचीच गोष्ट नव्यानं.

हात बसला की जुना गेम अर्ध्या तासाच्या आत संपतो. आमचा कधी संपला नाही कारण हँगरच्या म्हणजे सातव्या स्टेजपर्यंत पोचलो की बरोबर लाईट जायची, आणि त्या गेममध्ये सेव्ह नाही. मुलीला पहिल्या रिमोटवर बसवा, दुसऱ्यावर तुम्ही. आणि धबधबा आला की खाली थांबा.