अक्षरं येतात, पण वाचता येत नाही

चि. गुरुजी,

अनेक आशीर्वाद. आता तुला अशीच हाक मारणार, सवय करून घे. मेळघाटातल्या धारणी तालुक्यात नेमणूक, द्विशिक्षकी शाळा आणि पहिली-दुसरी एकत्र तुझ्या गळ्यात. नव्या माणसाच्या वाट्याला पहिली येते, ही आपल्याकडची जुनीच रीत. खरं तर ती सगळ्यात मुरलेल्या शिक्षकाला द्यायला हवी, पण ते असो. पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्याचं तू विचारलंयस. ते केंद्रप्रमुख शिकवतील, त्यांना दुसरं काही सुचूच दिलं जात नाही. मी फक्त तुझ्या एका वाक्याला उत्तर देते : ‘दुसरीच्या मुलांना मुळाक्षरं येतात, बाराखडीही म्हणतात, पण पुस्तक उघडलं की गप्प.’

आधी ‘येतात’ म्हणजे काय येतं ते बघ. तक्त्यासमोर उभं करून क्रमाने पट्टी फिरवलीस तर मूल धडाधड म्हणेल. आता पट्टी एकदम ‘झ’वर ठेव. बऱ्याच मुलांचे ओठ ‘क ख ग घ’पासून पुटपुटत निघतील आणि ‘झ’पाशी येऊन थांबतील. त्यांना झ ओळखता येत नाही, गाण्यात तो कुठे येतो ते माहीत आहे. पुस्तकाचंही तसंच. पाठ झालेल्या धड्यावरून बोट सरकत असतं, वाक्य बिनचूक असतं, पण बोट तिसऱ्या शब्दावर आणि तोंड पाचव्या. चित्र हाताने झाक, मधल्याच एका शब्दावर बोट ठेव आणि विचार. दोन दिवस एवढंच कर. कोणाला काय येतं ते तुझं तुला कळेल, त्यासाठी वेगळी चाचणी छापून आणायला नको.

हे असं का होतं? आपण रांग सोडत नाही म्हणून. आधी ३४ व्यंजनं, मग प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या वर रूपं, आणि ती संपली की मग ‘वाचन’. तोवर दिवाळी होऊन जाते आणि सहा वर्षांच्या मुलाला या सगळ्या खटाटोपाचं काय करायचं ते कळलेलंच नसतं. त्यात काना-वेलांटीशिवाय मराठीत मुलांच्या तोंडचे शब्द कितीसे? घर, नळ, बस, गवत, मगर. त्यांची वाक्यं करायला गेलं की ‘रमण, गवत बघ. शरद, नळ धर’ असलं काहीतरी निघतं. कुठल्या घरात कोण असं बोलतं? ‘ग म भ न’ची वाट हाताच्या वळणासाठी सोयीची आहे, पण त्यातून वाचायला काय मिळतं? मग, मन, नभ. मेळघाटातल्या पोराला तू नभ म्हणजे काय ते सांगत बसणार.

म्हणून पाच अक्षरं घे आणि त्यांच्याबरोबर पहिल्याच आठवड्यात काना आणि दुसरी वेलांटी. समजा म, क, र, न, त. आता बघ काय काय हाती लागतं : मामा, काका, काकी, नाना, नाक, कान, मान, मका, काम, रान, रात, माती, तार. ‘मका रानात.’ ‘मी काम करीन.’ पाच अक्षरांत खरं वाक्य. मका तर तुझ्या मुलांच्या घरामागेच उभा असतो. माझ्या वर्गात याच अक्षरांतून मी एकदा फळ्यावर ‘मारामारी’ लिहिलं. एक मुलगी पुढे आली, बोट ठेवून मा म्हणाली, मग रा, परत मा, मग री. थोडा वेळ नुसतीच फळ्याकडे बघत राहिली, ओठ हलत होते. मग गर्रकन वळून शेजारच्या पोराकडे बघितलं आणि खुदकन हसली, कारण मधल्या सुट्टीत त्या दोघांचं तेच झालं होतं. पुढे कितीतरी दिवस ती जिथे दिसेल तिथे तो शब्द लिहीत सुटली, पाटीवर, धुळीत, माझ्या हजेरीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावरसुद्धा.

पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेव. ‘कि’मध्ये डोळ्याला वेलांटी आधी दिसते आणि तोंडाला ती नंतर म्हणायची असते. नवशिक्या मुलाचा तिथे गोंधळ होतो, लिहिताना ते वेलांटी उजवीकडे नेऊन ठेवतं. काना आणि दुसरी वेलांटी जशा म्हणायच्या तशाच अक्षरानंतर येतात, म्हणून त्या सोप्या. आणि घ-ध, भ-म, ब-व, प-ष या जोड्या एका गटात आणू नकोस. एक पक्कं झाल्यावर महिन्याने दुसरं.

शब्द फोडून शिकवताना आणखी एक सांभाळ. ‘घ… र…’ असं तोडून म्हटलं की प्रत्येक अक्षराला अ चिकटतो आणि ‘घअरअ’ ऐकून मुलाला घर आठवत नाही. बोलताना आपण शेवटचा अ म्हणतच नाही. तेव्हा बोट न उचलता, आवाज न तोडता ओढत म्हण, मग एकदम. चाकातला च आणि चारमधला च वेगळे, हे मात्र समजावत बसू नकोस. शब्द ओळखीचा असेल तर मूल आपोआप बरोबर म्हणतं. रफार आणि जोडाक्षरं दुसरीत बघू.

शब्द ओळखीचा असेल तर, असं मी म्हणाले, आणि तुझी खरी अडचण तिथेच आहे. तुझी निम्मी मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू ही काही मराठीची बोली नाही, तिचं कूळच वेगळं, ऑस्ट्रो-आशियाई. मुलाने ‘माती’ बरोबर वाचलं आणि त्याला माती म्हणजे काय ते कळलं नाही, तर ते वाचन झालंच नाही. म्हणून पहिले काही आठवडे बोलण्यावर घाल. गावातली एखादी आजी किंवा अंगणवाडीची मदतनीस वर्गात बोलाव, वस्तू हातात धरून दोन्ही भाषांत नावं घेऊ देत. तू स्वतः मुलांकडून कोरकू शिक आणि चुकलास की त्यांना हसू दे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांची शाळा त्यांच्या अंगणात आणि कुरणावर नेली होती, ते काही हौस म्हणून नाही.

हे अक्षरगटांचं मी शोधून काढलेलं नाही बरं का. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेत आणि वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला क्वेस्ट या संस्थेत मराठीच्या सुरुवातीच्या वाचनावर वर्षानुवर्षं काम झालंय. सुट्टी काढून जा आणि वर्ग बघ. चार प्रशिक्षणांत बसण्यापेक्षा ते बरं.

रोज दहा मिनिटं त्यांना गोष्ट वाचून दाखव. सांग नको, वाच. पुस्तक मुलांकडे वळवलेलं, बोट ओळीखाली. मध्येच थांबून ‘आता पुढे काय होईल?’ एवढंच विचार, ‘तात्पर्य काय’ मुळीच विचारू नकोस. आणि लिहू दे. ‘पिशवी’ची ‘पीशवि’ झाली तर लाल पेन खाली ठेव. त्याने प आणि श ऐकून लिहिलंय, ऱ्हस्व-दीर्घाला अजून अख्खं आयुष्य पडलंय.

आता निपुणचं. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारचं निपुण भारत सुरू झालं, लहान वर्गांतल्या मुलांना वाचता-लिहिता आणि हिशेब करता यावा म्हणून काढलेलं अभियान. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं त्यात धरलंय. साहेब येतील, घड्याळ लावतील. लावू देत. पण तू वर्गात घड्याळ लावू नकोस. मराठीत ‘घराजवळच्या’ हा एक शब्द मोजला जातो आणि ‘मी’ हाही एकच, तेव्हा त्या आकड्यावर फार जीव टाकण्यात अर्थ नाही. धडधड वाचून झाल्यावर ‘मका कुठे होता?’ विचारलं आणि मूल छताकडे बघायला लागलं, तर वेगाचं काय लोणचं घालायचंय? ‘समजून’ हा शब्द त्याच ओळीत आहे, तो साहेबांना नम्रपणे दाखव.

दिवाळीनंतर कामाला बाहेर जाणाऱ्या घरांची यादी आत्ताच कर. ती मुलं होळीला गावी परततात आणि तोवर मागचं पुसलेलं असतं. जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत त्याला वाचता येतील अशा शब्दांची चिकटवही आणि एक पातळसं गोष्टीचं पुस्तक टाक. पुस्तक हरवेल, फाटेल, त्याची नोंद ‘जीर्ण’ म्हणून कर. आल्यावर पाठ्यपुस्तक जिथे पोचलं असेल तिथे त्यांना ढकलू नकोस, जिथे सोडलं होतं तिथून धर. वर्गात त्यामुळे तीन गट होतील आणि पहिले काही दिवस बाजार भरल्यासारखा गोंगाट होईल. दुसरीतल्या चांगल्या वाचणाऱ्यांना हाताशी घे, ती तुझ्यापेक्षा छान शिकवतात.

तुझी,
बाई

ता. क. फळा उंचावर आहे असं लिहिलंयस. ग्रामपंचायतीकडून थोडा काळा रंग माग आणि खालची भिंत मुलांचा हात पोचेल तिथपर्यंत रंगवून घे. आणि प्रत्येकाला खडूचा अख्खा कांडा दे, तुकडे नको.